एक सही पुरते

गुरुवारी सकाळी न्याहारीनंतरचा बायबलचा अध्याय वाचून झाला आणि मी पेन्शनच्या कचेरीत फोन लावला. विचारायचं एवढंच होतं, की आमचा फॉर्म पोचला का.

"कसला फॉर्म, बाई?" पलीकडच्या मुलीने विचारलं. "तुमच्या नावाने काहीच आलेलं नाही."

घटस्फोटाची नोंद झाल्यापासून दोन वर्षांच्या आत हा फॉर्म कचेरीत पोचला, तर लग्नाच्या काळात साठलेल्या पेन्शनमधला बायकोचा अर्धा वाटा कचेरी परस्पर तिला पाठवते. मुदत टळली तरी हक्क बुडत नाही, पण दर महिन्याला तो वाटा नवऱ्याकडे मागावा लागतो. आमची दोन वर्षं उद्या, शुक्रवारी, पुरी होत होती.

"पण नवऱ्याने अजून सही केली नाही ना," मी म्हटलं.

"त्यांची सही कशाला? दोघांपैकी एकाने कळवलं तरी चालतं. निकालाची प्रत जोडा आणि आजच टाका. उद्या आम्हाला मिळेल."

मी फोन ठेवला. "दोघांच्या सह्या लागतात, मी करतो आणि धाडून देतो," असं इझाकने मला दोनदा सांगितलं होतं. आमच्या बेटावर कागदपत्रं पुरुषांनी बघायची असतात. घर सोडून गेलेल्या पुरुषानेसुद्धा ती बघावीत असं मी धरून चालले, हा मूर्खपणा माझा.

एकतीस वर्षं तो बोटी सोडणाऱ्या कालव्याच्या दरवाज्यांवर नोकरीला होता आणि मी दरवाज्यांशेजारच्या सरकारी घरात. पहाटे बोटींची घंटा व्हायची तेव्हा त्याला हलवून उठवायची मी. तापाने फणफणला होता तेव्हा चार दिवस दरवाज्यांचं चाक मी फिरवलं आणि बोटी पार केल्या. मग एका बोटवाल्याच्या विधवेसाठी तो घर सोडून गेला, आणि दीड वर्षाने चर्चमध्ये सगळ्यांसमोर पश्चात्ताप करून परत पहिल्या बाकावर बसू लागला.

माझ्याकडे वकिलाने दिलेला कोरा फॉर्म होता. दुपारी तो भरला, सही केली, निकालाची प्रत जोडून पाकीट बंद केलं. टपालाची पेटी पाचला रिकामी करतात. कोट चढवते तोच, चार वाजता, दारात चर्चचे दोन वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी. कोपेयान म्हातारे, विसे नवीन. घरभेटीला आले होते. घरभेटीच्या वडिलांना आमच्याकडे कुणी परत पाठवत नाही. मी कॉफी ठेवली, दोघांना एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला.

"क्रीनाबहीण," कोपेयान म्हणाले, "इझाकभाऊ आमच्याकडे आले होते. ते पेन्शनचं. परक्या कचेरीला कशाला मध्ये घ्यायचं? आपलं आपल्यात मिटवावं."

"कसं मिटवायचं, कोपेयानभाऊ?"

"ते दर महिन्याला पाकीट आमच्याकडे देतील. आम्ही तुम्हाला आणून देऊ. कुणाला कळणारही नाही."

गरीब विधवांना धर्मादायाचं पाकीट असंच येतं. गल्लीतल्या प्रत्येक पडद्यामागून ते दिसतं.

"आणि एखाद्या महिन्यात त्यांना जमलं नाही तर?"

"तर आपण समजून घ्यायचं. क्षमा हीच मोठी गोष्ट."

"क्षमा मी केली आहे," मी म्हटलं. "रोज करते, कारण ती रोज करावी लागते. पण एकतीस वर्षांतलं अर्धं काम माझं आहे, ते दान म्हणून मी घेणार नाही."

विसे कपात बघत राहिला. "कायद्यानेही ते क्रीनाबहिणींचंच आहे," तो पुटपुटला.

"तुला कुणी विचारलं?" कोपेयान म्हणाले, आणि घड्याळात साडेचार होताना त्यांनी हात जोडले. "प्रार्थना करू या."

त्यांची प्रार्थना लांब असते हे अख्खं गाव जाणतं. देशाच्या राणीपासून सुरुवात झाली, समुद्रावरचे लोक झाले, आजारी झाले. मग हट्टी हृदयं आली, आणि तिथे ते थांबेचनात. मी डोळे उघडले. पाचला दहा कमी.

आमच्याकडे बायका घरभेटीत तोंड उघडत नाहीत, आमेनसुद्धा मनातल्या मनात म्हणतात.

"आमेन," मी मोठ्याने म्हटलं आणि उठले.

कोपेयानांचं वाक्य अर्ध्यात लटकलं. "बहीण, अजून संपलं नाही!"

"देवाला कळलंय, भाऊ. पेटी मात्र पाचला रिकामी होते."

विसेच्या नाकातून हसू निसटलं, ते त्याने खोकून झाकलं. मी पाकीट घेतलं, कोटाची बटणं न लावताच बंधाऱ्याच्या वाटेने निघाले. समोरून वारा होता. या वयात मी पळाले, आणि पडदे हलताना दिसले तरी पळाले.

टपालवाल्याने पेटी उघडून थैली भरलीच होती. मी पाकीट त्याच्या हातात दिलं.

"उद्या पोचेल ना?"

"सकाळच्या डाकेत, बाई."

त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उभी राहिले. परत आले तर कोपेयान फाटकात, हातात टोपी. विसे मागे उभा.

"बहीण," ते म्हणाले, "प्रार्थना अर्धी राहिली."

"मग या आत," मी म्हटलं. "आता मला वेळ आहे. आणि इझाकभाऊंना कळवा, पाकिटं देत बसू नका. माझं मला कचेरीतून येईल."