कड बांधायची राहिली

“थोरली पुढे गं, धाकटी मागे,
मधली रुसली, तिला कोण सांगे?”

हा आवाज पहिल्यांदा कधी ऐकला, हे खारूला सांगता आलं नसतं. आजी टोपली विणताना तीन वेतांना तीन बहिणी म्हणायची. ओळ आधी आपल्या जंगलातल्या बोलीत म्हणायची, मग नातीसाठी शहराच्या भाषेत. मधला वेत नेहमी सैल पडायचा. त्याला ओढायचं नाही, ओलं बोट लावून त्याची समजूत काढायची. खारू आजीच्या मांडीवर डोकं ठेवून बघत राहायची, आणि टोपली भरत आली की तिचे डोळे मिटायचे. जाग यायची तेव्हा टोपली पुरी झालेली असायची, कड बांधून, गाठ आत लपवून. आजीच्या टोपल्यांना कड झोपेतच फुटते, असं ती लहानपणी मैत्रिणींना छातीठोकपणे सांगायची.

आता आजी नव्हती, आणि तिची शेवटची टोपली खिडकीत उघड्या कडेनं उभी होती.

संध्याकाळी आजीची माणसं सभागृहात जमणार होती, तिच्या आठवणी काढायला. जंगल उठवलं तेव्हा चहूकडे पांगलेली ती माणसं. कुणी वीटभट्टीवर होतं, कुणी गोदीत. पण लेकराचं नाव ठरवायचं असो की भावाभावांत फाटलेलं असो, लाँड्रीवरच्या या घराचा अरुंद जिना चढून ती आजीकडेच यायची. आजी भांडणाऱ्या दोघांना एकेक वेत सोलायला द्यायची. वेत सोलून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. बरीचशी भांडणं तिथेच विरून जायची, आणि आजीचे वेत फुकटात सोलून व्हायचे. खालचं वाफेचं इस्त्रीयंत्र सुस्कारलं की ती म्हणायची, “म्हाताऱ्यानं ढेकर दिली, आता जेवायला हरकत नाही.”

त्या माणसांनी एकच मागितलं होतं, तिची शेवटची टोपली समोर ठेवू या. पण आजीचाच दंडक होता, उघड्या कडेची टोपली उंबऱ्याबाहेर काढायची नाही. रिकामी असली तरी रस्त्यात सांडते म्हणे.

म्हणून खारूनं चष्म्याच्या दुकानातून सुट्टी घेतली होती. काच बसवताना चौकट जरा ऊन करायची, मग अंगठ्यानं हळूच दाबायची, ही कला तिच्या हातात होती. तेव्हा कडही बसेल, असं तिला वाटलं होतं. कडेचा जाड वेत तिनं भिजवला, गोल वाकवला, एक टोक दाबून धरलं. दुसरं टोक सुटलं आणि सटकन तिच्या नाकावर बसलं. ती पुन्हा पुन्हा वाकवत राहिली. वेतानं जणू पणच केला होता.

सकाळी तिनं आईला विचारून पाहिलं होतं. आई खाली लाँड्रीत चादरी इस्त्री करायची. मान वर न करता ती म्हणाली होती, की आपल्याला त्यातलं काही येत नाही, आपण इस्त्रीवाली. खारूला नवल वाटलं नाही. शाळेत पोरं हसली म्हणून आईनं ती बोली लहानपणीच सोडली होती. आजी त्या बोलीत हाक मारायची, आई शहराच्या भाषेत ओ द्यायची. आयुष्यभर दोघींचं असंच चाललं.

दुपार कलली. खालून वाफ जिन्यानं वर येत होती, ओल्या सुताचा ऊन वास घेऊन. खारूनं टोपली मांडीवर घेतली आणि तिच्यावरच डोकं टेकलं.

वाफेचं धुकं झालं. धुक्यात झाडं उभी राहिली आणि फांद्यांवर पांढऱ्या चादरी हलू लागल्या. आजी मुळांत पाय पसरून बसली होती. थोरली पुढे गेली, धाकटी मागे राहिली, मधली रुसली. टोपली भरत आली. नेहमीसारखी झोप आली, पण झोपेतच खारूनं डोळे उघडे ठेवले, अगदी बारीक. आजीनं कडेचा वेत वाकवला आणि त्याचं टोक पुढे केलं, समोर बसलेल्या कुणाला तरी. दोन हातांनी ते धरलं. वाफेनं लाल झालेले हात, अंगठ्याजवळ इस्त्रीचा जुना चटका.

खारू जागी झाली. हे स्वप्न नव्हतं. हे तिनं पाहिलेलं होतं, कधीतरी, अर्ध्या झोपेत.

टोपली घेऊन खाली जाता येत नव्हतं. ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि म्हणाली, “आई, वर ये. कड एकटीनं बांधायची नसते ना?”

आईनं हातातली चादर अर्धवट घडीतच ठेवली. असं तिनं कधी केलं नव्हतं. वर येऊन ती टोपलीकडे बघत राहिली.

“तू झोपलीस की मला हाक मारायची,” ती म्हणाली. “माझे पाय गळालेले असायचे. म्हणायची मी, म्हातारे, उद्या बांध. ऐकेल तर शपथ. ती बांधायची, मी धरायची.”

“मग सकाळी येत नाही का म्हणालीस?”

“धरणारीची ओळ येते मला. ‘धरली गं आई, नाही जड,’ एवढीच माझी. आधीची तिची.” आईनं पदरानं हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. “आईची ओळ मी म्हटली की तिच्या जागी मी बसले. मग ती गेलीच की गं.”

 कोपऱ्यातल्या सोललेल्या वेतांतला एक खारूनं पाण्यात सोडला.

वेत भिजून मऊ पडला. मग आई आजीच्या चटईवर बसली, अगदी तिच्या बसण्यानं पडलेल्या खळग्यात. बोटं ओली केली. जाड वेत वाकवून त्याचं टोक लेकीपुढे केलं आणि जंगलातल्या बोलीत काहीतरी म्हणाली. आवाज हुबेहूब आजीचा. खारूला शब्द कळले नाहीत, पण हात आपोआप पुढे झाले.

मग आईनं तेच लेकीसाठी शहराच्या भाषेत म्हटलं.

“धर गं लेकी, सुटते कड.”