माझ्या सोळाव्या खणातले घड्याळ

जरा जवळ या. मी बोलते आहे. या कामाच्या मेजावर भिंतीला पाठ लावून उभी असलेली सोळा खणांची पेटी. माझ्या खणांत दातेरी चाके आहेत, कमानी आहेत, मोहरीएवढी मळसूत्रे आहेत. आणि एका नवमीला माझ्या पोटात काय अडकले होते, ते सांगायला मी इतकी अधीर आहे की आधी जन्मकथा सांगण्याइतकाही धीर मला निघत नाही! तरी क्रम सोडणार नाही. ज्यांनी मला घडवले, त्यांना क्रम सोडलेला मुळीच खपत नाही.

ते यज्ञेश्वरपंत. सोलापुरात शुक्रवार पेठेत राहतात, शाळेत संस्कृत शिकवतात आणि शाळा सुटली की हौसेने घड्याळे दुरुस्त करतात. वर्गात एक विसर्ग सुटला तरी त्यांची भुवई वर जाते. पण माझ्या जन्मापूर्वी याच मेजावर काय अराजक होते! चाके वाटीत, कमानी काडेपेटीत आणि उरलेले जेथे पडेल तेथे.

"अहो, आज आमटीत पितळ निघाले," त्यांच्या पत्नी अनसूयाबाई एकदा ताट वाढताना म्हणाल्या. "खोबऱ्याऐवजी घातले म्हणून सांगितले असते, पण मामंजींचा दात हलला."

हे हसण्यावारी गेले. १९३३च्या श्रावणात मात्र असे काही घडले की कोणी हसले नाही.

रंभाबाई ही पेठेतली सुईण. तिच्या पिशवीत नेहमी एक गजराचे घड्याळ असे. मूल रडले की ती आधी घड्याळाकडे पाही, कारण पत्रिकेसाठी नेमकी जन्मवेळ हवी. ते घड्याळ बंद पडले. पंतांनी ते उघडले, स्वच्छ केले, आणि जुळवायला बसले तर एक चाक नाहीसे! महिना लोटला, चाक सापडेना. तोवर समोरच्या घरच्या मथुराबाईंनी रंभाबाईला स्पष्ट बजावले होते. त्यांची सून आश्विनात बाळंत व्हायची होती.

"घड्याळ असेल तर ये. गेल्या खेपेला 'दिवे लागायच्या सुमारास' म्हणालीस, त्या 'सुमारा'ची पत्रिका मांडता मांडता ज्योतिषी थकले. दवाखान्यातली नर्स मनगटावर घड्याळ बांधून येते, ठाऊक आहे ना?"

रंभाबाई पंतांच्या उंबऱ्याशी येऊन बसली. "मास्तर, एक घर सुटलं की धा घरं सुटत्यात. माजं हात अजून चालत्यात. मला कामावरनं काडू नका."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना पंतांच्या दोन्ही खांद्यांवर घासलेटाची दोन रिकामी खोकी होती. ती खोकी म्हणजे मी!

काय दिवस होते ते! खोक्यांचे खिळे उपटले, फळ्या सुट्या झाल्या, त्यांवरची इंग्रजी अक्षरे रंध्याखाली भुरभुर उडून गेली. करवत चालू लागली की मला गुदगुल्या होत. सरस शिजवताना जो दरवळ सुटला, त्याने अनसूयाबाईंनी पंतांची शेगडीसकट अंगणात रवानगी केली. खणांना मुठी हव्या होत्या. त्यासाठी पंतांनी गिरणीतल्या टाकाऊ लाकडी कांड्या आणून त्यांचे तुकडे केले. त्यांच्यावर कधी सूत गुंडाळलेले असे. आता मी त्यांना मिरवते. सोळा खण, सोळा मुठी, आणि प्रत्येक खणावर वळणदार अक्षरात नाव: चक्रे, कमानी, मळसूत्रे, काटे. शेवटचा, सर्वांत खालचा, रुंद खण पुऱ्या झालेल्या घड्याळांसाठी.

गल्लीतला म्हातारा सुतार शिवयोगी पाहायला आला. त्याने एक खण ओढला, आत सारला, पुन्हा ओढला.

"काम झ्याक हाय, मास्तर. पर लई घट्ट बसवलंय. वल लागली की लाकूड फुगतंय. वाईच फट ठिवा की."

"शिवयोगी, फट म्हणजे कामातला दोष," पंत म्हणाले. "केसाचेही अंतर राहिलेले मला चालणार नाही."

शिवयोगी मान हलवत निघून गेला. मीही तेव्हा गर्वाने फुगले होते. निराळे फुगणे मला अजून ठाऊक नव्हते.

मग पंतांनी मेजावरचा एक एक जिन्नस माझ्यात लावायला घेतला. आणि खडूच्या डबीच्या तळाशी, पांढऱ्या भुकटीत माखलेले, ते हरवलेले चाक! पंत असे ओरडले की अनसूयाबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. आश्विनातल्या अष्टमीला घड्याळ पुरे झाले. पंतांनी ते मेणकापडात गुंडाळून माझ्या सोळाव्या खणात ठेवले. टिक, टिक, टिक. माझ्या पोटात जीव आल्यासारखे झाले! अंगावर काटा म्हणजे काय, ते त्या दिवशी या लाकडाला कळले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. उपकरणांची पूजा करायची आणि दिवसभर हत्यार चालवायचे नाही, हा रिवाज. करवत, पटाशी, चिमटे पाटावर मांडले गेले. मला तर पंतांनी परातीत उभे केले.

"अहो, लाकूड आहे ते. फूल वाहा, पुरे," अनसूयाबाई म्हणाल्या.

"षोडशोपचारांत स्नान आहे, ते वगळता येत नाही."

आणि पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचांबरोबर सोळा पळ्या पाणी माझ्या मस्तकावर पडले. मी कृतार्थ झाले, हे खोटे नाही. पण पाणी उतरून परातीत साचले आणि माझा तळ त्यात भिजत राहिला. पंत आरतीपर्यंत डोळे मिटून होते, आणि नंतरही मला तेथून कोणी हलवले नाही.

दुपारी तीनच्या सुमारास समोरून हाक आली आणि पाठोपाठ रंभाबाई धावत दारात.

"मास्तर, घड्याळ! मथुराबाईंच्या सुनंला कळा लागल्यात!"

पंतांनी मूठ धरून खण ओढला. खण हलेना. दोन्ही हातांनी ओढला, आणि कांडीची मूठ उपटून त्यांच्या हातात आली. मुठीच्या जागी नुसते भोक उरले.

समोरच्या खिडकीतून मथुराबाई गरजल्या, "रंभाबाई, येतेस, की माणूस पाठवू दवाखान्यात?"

पंतांचा हात पाटावरच्या पटाशीकडे गेला आणि हळदकुंकवापाशी थांबला. आयुष्यात नियम मोडला नव्हता; न मोडावा तर एका बाईचे काम बुडत होते. 'घ्या ती पटाशी! फोडा मला!' मी ओरडत होते, पण फळीचा आवाज कोणाला ऐकू जातो?

"ऱ्हाऊ द्या त्ये," रंभाबाई म्हणाली. तिने गुडघे टेकून माझ्या फळीला कान लावला. तिचा चेहरा उजळला. "जित्तं हाय की वो! वैनी, निखाऱ्याची शेगडी आना. मास्तर, तुमी बाजूला व्हा. गडीमानसाचं काम न्हवं ह्ये."

मग माझे जे काही झाले, ते मी जन्मात विसरणार नाही. तिने मला परातीतून उचलले, कोरडे पुसले, वरचे खण काढून ठेवले. "आदी जागा करायची," असे ती अनसूयाबाईंना सांगत होती. शेगडीची ऊब माझ्या तळाशी लागली. माझे अंग सैलावू लागले.

"रंभाबाई!" पुन्हा खिडकीतून.

"कळा आत्ताच लागल्यात, मथुराबाई! अजून येळ हाय! तवर तिला चालवा, माजघरात फिरवा!"

पंत पुढे झुकले. "आता ओढू का?"

"वडायचं नसतंय, मास्तर. आदी आत लोटायचं, मग वाट गावती."

तिने पिशवीतून नाळ बांधायचा पक्का दोरा काढला, एका काडीच्या मध्यावर बांधला, काडी मुठीच्या भोकातून उभी आत घातली आणि आत आडवी केली. तळव्याने खण किंचित आत रेटला. मग दोरा हळूच बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. खण एक सूतभर सरकला. दोन सूत. आणि कर्रर्र! खण सुटला, मेणकापड उलगडले, आणि टिक, टिक, टिक!

रंभाबाई घड्याळ छातीशी धरून पदर खोचत गल्ली ओलांडून गेली. इकडे पंत आणि अनसूयाबाई खिडकीत उभे. किती वेळ गेला, मला सांगता येत नाही. घड्याळ आता तिकडे होते. अखेर बारीक, चिडका, सुंदर आवाज आला आणि त्यावर रंभाबाईचा खणखणीत.

"नात झाली! चार वाजून सतरा मिंटं!"

"सतराच ना गं?" मथुराबाई विचारत होत्या. "अठरा नाही?"

"डोळ्यानं बगितलं की! हे घ्या, तुमी बी बगा!"

संध्याकाळी रंभाबाई लुगडे आणि नारळ घेऊन निघाली, ती सरळ आमच्याकडे आली. नारळ तिने माझ्यापुढे ठेवला.

"अगं, तो तुझा मान," अनसूयाबाई म्हणाल्या.

"आज दोन बाळंतपनं झाली, वैनी. एक तिकडं, एक हितं. हिला बी नको व्हय काय?" मग पंतांकडे वळून बोट रोखले. "आन मास्तर, हिच्या अंगाला आता पानी लावायचं न्हाय. शेक द्या."

पंत, ज्यांना कोणी चूक दाखवलेली मी पाहिली नव्हती, हात जोडून "बरे" म्हणाले.

दशमीला उत्तरपूजा होताच त्यांनी रंधा घेतला आणि माझे सोळाही खण कडांना किंचित तासले. आता प्रत्येक खणाभोवती केसाएवढी फट आहे. त्या दिवसाला चार वर्षे झाली. मी जुनी झाले, एक मूठ दुसऱ्या रंगाची आहे, पण पावसाळ्यातही माझा कोणताही खण एका बोटाने उघडतो. रंभाबाई मथुराबाईंच्याच घरी आणखी दोनदा जाऊन आली.

तर, हौसेने पेटी घडवणाऱ्यांनो, निरोप घेताना एवढेच मागते. आमचे खण करताना लाकडाला थोडी मोकळीक द्या. नवमीला फूल वाहा, कुंकू लावा, आरती ओवाळा. आम्हांला ते सारे फार आवडते. स्नान मात्र तुम्ही करा.