पाच दिवसांचं पाणी

"अगं हेलन, ओढा फुटतोय! बर्फाखालून पाण्याचा आवाज येतोय," आर्नाक तिसऱ्यांदा फोनवर ओरडली.

"माझं विमान दहा जूनचं आहे. गेल्या अकरा वर्षांची सरासरी बारा जून येते," दूर दक्षिणेतल्या विद्यापीठातून हेलन शांतपणे म्हणाली.

"ओढ्याला कुणी सांगितलीय तुझी सरासरी?"

फोन ठेवून आर्नाकनं कपाळावर हात मारला. जमीन अजून दगडासारखी गोठलेली. वितळलेलं पाणी मुरणार कुठे? शेवाळ, कुजकी पानं, सगळ्याचा कस धुऊन घेत ते तडक खाडीत जाणार. वर्षाचा निम्मा कस या चार-पाच दिवसांत वाहून जातो, हे तिला हेलननंच शिकवलं होतं. आणि आता तीच घरी बसलेली!

"तिच्या पाण्यासाठी तू कशाला जीव काढतेस?" नवरा तुलुगाक चहा ओतत म्हणाला.

"तिचं? त्याच पाण्यावर खाडीतले मासे पोसतात, आणि तू ते हाणतोस. ऊठ!"

अर्ध्या वाटेवर त्यांची बर्फगाडी रुतली. "तरी म्हणत होतो," म्हणून तुलुगाक गाडीवरच बसून राहिला. आर्नाक चरफडत गुडघाभर बर्फाच्या रबड्यातून ओढ्यापर्यंत गेली. काठावर ठेवलेल्या, पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांच्या पेटीला हेलनचं कुलूप! कुऱ्हाडीच्या दोन घावांत तिनं ते उडवलं. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, चहासारखं तांबूस पाणी तिनं बाटल्यांत भरलं, प्रत्येकीवर तारीख-वेळ घातली.

हेलन आली तेव्हा ओढा नितळ, घोटाभर.

"कुलूप कुणी फोडलं?" हा तिचा पहिला प्रश्न.

आर्नाकनं बाटल्या पुढे केल्या. हेलननं एक उजेडात धरली, मग दुसरी, आणि मटकन दगडावर बसली.

"म्हणजे अकरा वर्षं मी हे पाणी चुकवतेय?"

"अकरा नाही, चार. त्या चारही वर्षी मी फोन केला होता."

पुढच्या वर्षी हेलन मेच्या अखेरीलाच हजर झाली, आर्नाकच्याच घरी. नेमका त्या वर्षी बर्फ हलेना. तीन आठवडे रोज सकाळी एकच प्रश्न: "आज फुटेल?" तुलुगाक तर मासेमारीच्या नावाखाली दिवस दिवस बाहेरच राहायला लागला.

बाविसाव्या दिवशी हेलननं पुन्हा तोंड उघडलं.

"फुटला की सांगेन," आर्नाक म्हणाली. "तोवर ती भांडी घास."