मला चुकीच्या डोळ्यावर लावलं

मी बोलतोय, वायरमनच्या काळ्या टेपचा नखाएवढा तुकडा. आधीच सांगतो, मी चिडलेलो आहे.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. ट्रकमधून मंडालेच्या बाजारात आलो आणि ऊ बा न्युंट या निवृत्त पोस्टमनच्या घरी पडलो. एक दिवस चहाच्या दुकानात कुणीतरी त्याचे कान भरले, की चिनी फोनमधून चिनी सरकार बघतं. झालं. त्यानं रिळातून मला दातानं तोडलं आणि फोनच्या मागच्या डोळ्यावर दाबून बसवलं. पुढच्या डोळ्यावर माझा भाऊ. चिन्यांपासून वाचायला चिनी टेप! आणि याच गृहस्थानं तीस वर्षं आपल्याच सरकारनं फोडून पुन्हा चिकटवलेली पत्रं घरोघर वाटली होती. तेव्हा कधी कपाळाला आठी पडली नाही.

"हळू बोल," तो बायकोला, दॉ टिन म्याला, दटावायचा.

"माझ्या रश्शात मीठ किती ते ऐकून त्यांचं काय भलं होणार?" ती म्हणायची. "आणि तुमचं घोरणं ऐकलं तर तेच फोन बंद करतील."

मग तिच्या ताईचा मुलगा, यान नाइंग, गावाहून आला. शाळामास्तर. लष्कराचं राज्य आल्यापासून संपावर होता, आणि संपातल्या मास्तरांना धरत होते. "दोन दिवस राहतो मावशी, मग पुढं जातो," म्हणाला आणि चटईवर आडवा झाला तसा झोपला. बा न्युंटनं फोन तांदळाच्या डब्यात लपवला आणि निर्धास्त होऊन चहाला गेला.

टिन म्याला मात्र चैन पडेना. आमच्याकडे मुक्कामाला पाहुणा आला, की वॉर्डाच्या कचेरीत वर्दी द्यायची. न दिली तर घरच्यांना धरतात. तिची आई द्यायची, तीही देते. शिवाय वॉर्डप्रमुख परका थोडाच, हिच्या हातचं खाऊन वाढलेला. "आपलाच माणूस आहे, सांभाळून घेईल," ती स्वतःशीच म्हणाली. वर्दीला फोटो लागतो, म्हणून तिनं फोन काढला, मला नखानं सोललं, अंगठ्यावर चिकटवलं आणि झोपलेल्या पोराचा फोटो घेतला. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

कचेरीत प्रमुखानं तिला खुर्ची दिली. नाव विचारलं, बापाचं नाव, ओळखपत्राचा नंबर.

"काय करतो?"

"मास्तर आहे," ती अभिमानानं म्हणाली.

"हुशार आहे हो पोरगा," तो म्हणाला, आणि लिहून घेतलं.

घरी येऊन तिनं मला इमानेइतबारे पुन्हा फोनच्या डोळ्यावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यान नाइंग मोहिंगाचा, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवयांचा, वाडगा घेऊन बसला होता. चार शिपाई आत आले. प्रमुख फाटकाशीच थांबला. "काकू, मला माझं काम करावं लागतं," एवढंच बोलला. पोराला त्यांनी हातसुद्धा धुऊ दिले नाहीत.

बा न्युंटनं बत्त्यानं फोन फोडला. "या फोननंच चहाडी केली," म्हणाला, आणि सगळ्या गल्लीनं माना डोलावल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! परके बघत नाहीत असं मी म्हणत नाही. बघत असतील मेले. पण त्यांना या दाराची कडी वाजवता येते का? जेवत्या वाडग्यावरून पोर उचलता येतं का? ज्याला येतं, त्याच्याकडे तुम्ही आपल्या पायांनी जाता, खुर्चीवर बसता आणि विचारेल ते सांगता.

आता मी फुटक्या काचेसकट केराच्या टोपलीत आहे. केर जाईपर्यंत एकच मागणं मागतो: पुन्हा कुठल्या डोळ्यावर टेप लावाल, तेव्हा आधी विचारा, याला आपल्या घरात शिरता येतं का.

आज ताई आली, मुलाला शोधत. बा न्युंट पुन्हा फोनवर खापर फोडायला लागला.

"फोन नाही, ताई," टिन म्या म्हणाली. "मी सांगितलं."

ताईनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"तू आज राहतेस, पण तुझी वर्दी मी देणार नाही," टिन म्या म्हणाली. "मला नेलं तरी चालेल."

"दे," ताई म्हणाली. "माझंही नाव दे. त्याला ठेवलंय तिथं तरी नेतील मला."