गेटच्या ॲपमधून आलेले पाहुणे

सोनिवलीतल्या त्यांच्या सोसायटीच्या गेटचं ॲप अनुयानंच हौसेनं बनवलं होतं. त्यात तिनं इंटरनेटवर फुकट मिळणारं, दुसऱ्या कुणी लिहिलेल्या कोडचं एक तयार पॅकेज जोडलं होतं. सगळे जोडतात तसंच, डोळे झाकून. आज दुपारी ऑफिसात तिनं बातमी वाचली. त्या पॅकेजच्या नव्या अपडेटमध्ये चोरांनी आपला कोड घुसवला होता. म्हणजे गेटमधून आत कुणाला सोडायचं, हे आता ते मेले ठरवणार!

तिनं लगेच घरी फोन लावला. "आई, ॲप काहीही म्हणू दे, कुणालाही दार उघडू नकोस!"

"अगं, हळू बोल, पाहुणे ऐकतील," आई कुजबुजली. "तूच पाठवलेत ना? ॲपवर तुझंच नाव आलं. पाणी नेतेय त्यांना."