लेक बसली की बंद

मी कार्बुरेटर. एका जुन्या स्कूटरच्या सीटखाली माझी जागा. हवा आणि पेट्रोल मापात मिसळून इंजिनाला द्यायचं, एवढंच माझं काम. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन धापा टाकतं, जास्त झालं तर काळा धूर ओकून बंद पडतं. शिव्या दोन्ही वेळा मलाच.

घरातल्या आजोबांनी मला वीस वर्षं जपलं. मग त्यांचे गुडघे गेले आणि स्कूटर दोन वर्षं गोणपाटाखाली. माझ्या पोटातलं पेट्रोल वाळून त्याचा डिंक झाला. शेवटी त्यांच्या सुनेने गाडी बाहेर काढली. लेकीला पाळणाघरात सोडून तिला शिवणकामाच्या कारखान्यात जायचं असतं.

मिस्त्रीने मला धुतलं, पेट्रोल येतं तो बारीक भोकाचा जेट फुंकून साफ केला. तरी रोज मोठ्या चौकात गाडी बंद! मागे ट्रक, पुढ्यात उभी साडेतीन वर्षांची लेक.

मिस्त्री एकटा चक्कर मारून यायचा. "ताई, पळतेय की मस्त!"

"तुमच्याकडे पळते. माझ्याकडे रुसते."

तीनदा त्याने माझा स्क्रू पिळला. घरी नवरा म्हणाला, "देऊन टाक भंगारात. चालत जा."

"लेकरू कडेवर घेऊन तासभर? त्यापेक्षा काम सोड म्हणा ना!"

चौथ्या वेळी लेक बरोबर होती. मिस्त्री म्हणाला, "नेहमी बसता तशा दोघी बसा बघू." गाडी तापलेली, सुरूच होती. लेक पुढे उभी राहिली, हात मागे नेला आणि सीटखालची चोकची दांडी धरून ओढली. चोक ओढला की माझी हवा अडते, पेट्रोल जास्त जातं. थंड इंजिनाला ते चालतं, तापलेल्याला नाही. धूर, घरघर, बंद.

"हे कशाला धरलंस गं, चिमणे?"

"आई म्हणते, घट्ट धर."

आईने कपाळावर हात मारून घेतला. "चौकात तर ओरडून सांगते हो मी!"

"आणि मी उगाच याच्या पोटात बोटं घालतोय," मिस्त्री म्हणाला. त्याने माझा स्क्रू पुन्हा जागेवर आणला आणि लेकीला धरायला पुढे एक कडी बसवून दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौक ओलांडला. पलीकडे गेल्यावर आईने श्वास सोडला, तो मला वरून ऐकू आला.

आता मी झिजलोय. कधी बिघडतोही, नाही म्हणत नाही. पण गाडी अडली तर मला खोलण्याआधी घरातली माणसं रोजच्यासारखी गाडीवर बसवा आणि क्षणभर नुसतं बघा.