मी खानजी

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. सीरियातल्या हलब, म्हणजे अलेप्पो, शहरात सराईला खान म्हणतात आणि ती चालवणाऱ्याला खानजी. तो मी. माझा 'खान' फारसीतून आला, 'जी' तुर्कीतून. तुमच्या मशालचीमधला 'ची' माझ्या 'जी'चा भाऊच.

सराईचा मालक, तिथला राखणदार, असे माझे अनेक अर्थ होत गेले. पण खरा अर्थ कळे तो सकाळी, बंद दरवाजाशी. खानजी चौकात उभा राहून विचारी, "आपापलं सामान मिळालं का?" सगळे "मिळालं" म्हणाले, की मगच अडसर निघे.

आमचा खानजी वारला आणि त्याची बायको रजवा किल्ल्या घेऊन उभी राहिली. "आठवडाभर पाहू, नाहीतर नवा खानजी आणू," असं व्यापाऱ्यांनी ठरवलं. तिला सगळे वहिनी म्हणत. मी तिच्या आसपास नुसता घोटाळत राहिलो.

सहाव्या सकाळी तिने विचारलं, तेव्हा मोसुलचे सुफ्यानकाका म्हणाले, "माझी हिरवी पिशवी दिसत नाही. लेकीच्या लग्नाचं कापड आहे त्यात."

"मागाहून पाठव गं, वहिनी," नअमान खेचरवाला म्हणाला. "ऊन चढलं की माझी खेचरं काकांसारखी बसून राहतात."

"खेचरं शहाणी आहेत, नअमानभाऊ, थांबतील. तुमचं सांगता येत नाही."

"तुझा नवरा असता तर एव्हाना दार उघडलं असतं."

"तो असता तर त्याने सगळ्यांची ओझी उतरवायला लावली असती. तुमच्यापासून सुरुवात करू या."

व्यापारी कुरकुरले, पण रजवा दारासमोरून हलली नाही. नअमानच्या तिसऱ्या खेचराचं ओझं उतरलं आणि खाली हिरवी पिशवी दिसली. पहाटेच्या घाईत त्यानेच ती आपली समजून बांधली होती. सगळा चौक हसला.

"सामान मिळालं का म्हणून विचारत होतात," नअमान कान खाजवत म्हणाला. "मला जरा जास्तच मिळालं."

रजवाने पुन्हा पहिल्यापासून विचारलं. सगळे एका सुरात "मिळालं" म्हणाले. सुफ्यानकाकांचा आवाज सर्वांत मोठा होता.

"खानजी," नअमान म्हणाला, "आता तरी उघडा."

काय सांगू, मित्रांनो, किती सुखाने मी तिच्यापाशी जाऊन बसलो! नव्या माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता तशा सराया राहिल्या नाहीत. मी आडनाव होऊन दुकानांच्या पाट्यांवर राहतो, आणि मजेत राहतो. एकच मागणं आहे. कुणी माझा अर्थ विचारला, तर नुसतं 'सराईवाला' म्हणून मोकळे होऊ नका. सांगा, शेवटच्या माणसाचं सामान मिळेपर्यंत जो दार उघडत नाही, तो खानजी.